शाळा कुरणात गेली, आता बोलीतही जाऊ द्या!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

परतवाड्याहून धारणीच्या वाटेवर, सिपना नदीच्या काठाला सेमाडोह लागतं. हा मेळघाट, कोरकूंचा मुलूख. कोरकू म्हणजे त्यांच्या बोलीत ‘माणसं’. घरी पाण्याला ‘डा’ म्हणणारं लेकरू सहाव्या वर्षी शाळेत बसतं, तर पुस्तकात ‘पाणी’! ते गप्प बसलं की आपण शहाणे म्हणतो, याला डोकंच नाही. ढोरामागं निघून गेलं की म्हणतो, यांना शिक्षणाची आवडच नाही.

आम्ही विचारतो, दोष लेकराचा की शाळेचा? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका लहानशा, स्वतंत्र शाळेनं कधीच दिलं आहे.

१९४५ साली ठाणे जिल्ह्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर त्यांच्यात उभ्या राहिल्या. त्याच साली, त्याच डहाणू भागात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. या ताराबाईंनी काही काळ आपल्या अमरावतीत संसार केलेला. जोडीला अनुताई वाघ. दलित वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली.

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेलं. तिथली पोरं गुरं राखणारी. ती शाळेत येणार कधी? तर शाळाच कुरणात गेली. गुरं चरतात अन् पोरं शिकतात, अशी कुरणशाळा! बाईंनी पोरांना नावं ठेवली नाहीत, शाळेची चाल बदलली. पुढं १९७५ साली सरकारनं देशभर ज्या अंगणवाड्या काढल्या, त्यांचं नाव या दोघींच्या कामातूनच आलेलं.

शाळा अंगणात गेली, कुरणात गेली. आता लेकराच्या बोलीत जाणं तेवढं राहिलं.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यांची फेरमांडणी झाली. आपल्या गळ्यात द्वैभाषिक मारलं गेलं. ते आपण रक्त सांडून मोडलं अन् १ मे १९६० ला महाराष्ट्र घेतला. पण त्याच दुरुस्तीनं घटनेत ३५०-अ कलम घातलं. भाषिक अल्पसंख्य लेकरांच्या प्राथमिक शिक्षणाची मातृभाषेत पुरेशी सोय व्हावी, यासाठी प्रत्येक राज्यानं झटावं, असं ते सांगतं. आपण मायबोलीसाठी भांडलो, मग कोरकू मायला बोली नाही काय?

कोणी म्हणेल, अशानं मराठी मागं पडेल. नाही बाप्पा! ताणा कच्चा असला तर बाणा कितीही भरा, कापड टिकत नाही. कोरकूत अक्षर पक्कं झालं की त्यावर मराठीही पक्की बसेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मेळघाटात पहिली-दुसरीच्या वर्गावर कोरकू बोलणारा गुरुजी द्या, हाती कोरकू पुस्तक द्या अन् मराठी त्याच्या जोडीनं शिकवा. युनियनच्या प्रत्येक सभेत हा ठराव करा. स्वतःच्या भाषेसाठी लढलेल्यानं दुसऱ्याच्या लेकराला मुकं ठेवू नये.

जय महाराष्ट्र!