बक्षिशीची बशी आणि वेतनाचा प्रश्न

शिर्डीच्या किंवा शनिशिंगणापूरच्या वाटेवर जेवण आटोपले, की बडीशेपेच्या बशीतून बिल येते. उरलेले पैसे बशीत ठेवावेत की खिशात टाकावेत, या विवंचनेत ग्राहक घुटमळतो. वेटर नजर दुसरीकडे वळवून उभा राहतो. दोघांनाही संकोचात पाडणाऱ्या या प्रसंगी गल्ल्यावरचा मालक तेवढा निर्धास्त असतो.

ग्राहकाची तक्रार खोटी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सेवाशुल्काच्या सक्तीस मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश उचलून धरले. मात्र वेटरच्या वेतनाचा प्रश्न त्या वादात बाजूलाच राहिला.

वस्तुतः त्याचे उत्तर जुने आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात उपाहारगृहांतील कामगारांचे दर ठरत आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली, तरी किमान वेतनाचे बंधन कायम आहे. ग्राहकाची बक्षिशी म्हणजे मालकाने दिलेले वेतन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात 1976 मध्येच स्पष्ट केले. अमेरिकेत मात्र बक्षिशी जमेस धरली जाते आणि अशा कामगारास मालकाने स्वतः द्यावयाचा केंद्रीय किमान दर 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर गोठला आहे. आपल्या कायद्याने ती वाट धरली नाही. तथापि ‘जेवणखाण देतो, शिवाय वरची मिळकत आहेच’ ही सबब आपल्याकडेही ऐकू येते. कायद्याने नाकारलेली वजावट ती व्यवहारात करून घेते.

महागाई भत्त्याचा हप्ता लांबला, तर शिक्षक व कारकून निवेदने देतात. त्यांच्यामागे संघटना असते. गाव सोडून आलेला, मालकाच्याच खोलीत राहणारा वेटर बोलला, तर रोजगाराबरोबर निवाराही गमावतो. त्याचे मौन ही संमती मानता येणार नाही.

म्हणून पदार्थांच्या दरफलकाशेजारी किमान वेतनाचाही फलक लागावा, वेतन बँकेत जमा व्हावे आणि कामगार खात्याने यात्रेच्या हंगामातच तपासणी करावी. त्यापायी थाळीचा दर थोडा वाढला, तर तो आपण निमूटपणे दिला पाहिजे. बक्षिशी हे कौतुक आहे. कौतुकावर कोणाचे घरभाडे अवलंबून असू नये.