घास घशाशी अडतो तेव्हा

आमच्या फुप्पी सगळ्यांचे जेवण झाल्याशिवाय ताटावर बसत नसत. "तुम्ही घ्या उरकून, माझं मी बघते," असे म्हणून त्या स्वयंपाकघरात काहीतरी आवरत राहायच्या. आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटे. घरातली बाई शेवटी जेवते, त्यात विचारायचे काय? खरी गोष्ट कळायला जवळपास दोन वर्षे गेली. भाकरीचा एक घास उतरायला त्यांना चार घोट पाणी लागत होते, एक भाकरी संपायला पाऊण तास लागत होता, आणि चारचौघांत ठसका लागेल याची त्यांना लाज वाटत होती.

खुणा समोरच होत्या. फुप्पी भाकरी चहात बुडवून खायला लागल्या. मग बोटी बंद झाली, खिमा चालू राहिला. रमजानमध्ये सेहरीला त्या फक्त दूध-शेवया घ्यायच्या, आणि आम्ही त्यांच्या साध्या राहणीचे कौतुक करायचो. आम्ही शाळेत मुलांना उतारा नीट वाचा, ओळींच्या मधले वाचा, असे रोज सांगतो. घरातला उतारा मात्र आम्हाला वाचता आला नाही. "दात दाखवून या," एवढाच सल्ला आम्ही दिला. घरातल्या एकीने तर, "मनाचे खेळ आहेत, वय झालं की असं होतं," असेही म्हणून टाकले. फुप्पींचे वय तेव्हा सत्तेचाळीस! गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्या सात-आठ महिने चालल्या.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांच्या आग्रहाने, फुप्पींनी एक बोटी तोंडात घातली आणि ती अडकली. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आले. पाठीवर थापा मारल्यावर घास बाहेर पडला. त्या रात्री घरात कोणी फार बोलले नाही.

जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहण्याआधी फुप्पींचे हात हातात घेतले. नखे मधोमध खोलगट झाली होती, चमच्यासारखी. जीभ गुळगुळीत, ओठांचे कोपरे चिरलेले. मग त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगून फुप्पींना एकच गोष्ट विचारली, पाळी किती दिवस चालते. उत्तर होते आठ-नऊ दिवस, कितीतरी वर्षांपासून. हे फुप्पींनी सख्ख्या बहिणीलाही सांगितले नव्हते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६.८. बाईच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते.

बायकांचे रक्त कमी असणे आणि घास न उतरणे यांचा काही संबंध असेल, हे आमच्या स्वप्नातही आले नव्हते. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची साधारण २५ सेंटिमीटरची स्नायूंची नळी. घास तिच्यात नुसता पडत नाही, स्नायू त्याला लाटेसारखे खाली ढकलतात. शरीरातले लोह फार दिवस कमी राहिले की काही जणींच्या अन्ननलिकेत अगदी वरच्या टोकाला एक पातळ पडदा तयार होतो. पाणी, पेज, खीर त्याच्या बाजूने निघून जाते. भाकरी आणि मांस तिथे अडते. दुखत नाही, म्हणून कोणी दखल घेत नाही. या आजाराला प्लमर-व्हिन्सन सिंड्रोम म्हणतात. ब्रिटनमध्ये पॅटरसन आणि केली या दोन डॉक्टरांनी १९१९ सालीच त्याचे वर्णन करून ठेवले होते. स्वीडनच्या उत्तर भागातल्या बायकांत तो एके काळी पुष्कळ आढळे. खाण्यात लोह वाढले तसा तिथे तो दुर्मीळ झाला. आपल्याकडे मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ बायकांचे रक्त कमी निघाले. महाराष्ट्रात हा आकडा ५४ आहे. या सगळ्यांना पडदा येत नाही, फार थोड्यांना येतो. पण ज्यांना येतो त्या आपल्यासारख्याच घरांत शेवटी जेवत असतात.

फुप्पींना पांढरे, खडूसारखे बेरियमचे पाणी पाजून एक्स-रे काढले. पडदा त्यात दिसला. मग दुर्बीण घालून तो रुंद केला. संध्याकाळी त्या घरी होत्या. लोहाची गोळी गिळणेच अवघड, म्हणून पहिले काही आठवडे औषध पातळ दिले. पाळीच्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी झाली, गर्भाशयात गाठी निघाल्या, त्यांचे उपचार वेगळे सुरू झाले. रक्त कुठून जाते आहे ते न शोधता नुसते टॉनिक देणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. पडदा गेला म्हणून फाईल बंद करायची नाही. या आजाराच्या काही रुग्णांना पुढे घशाच्या खालच्या भागात किंवा अन्ननलिकेत कर्करोग होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करत राहायची.

घास अडण्याची कारणे आणखीही आहेत. आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा अडू लागली आणि वजन उतरत चालले, तर एक दिवसही थांबू नका. अन्ननलिकेचा कर्करोग असाच सुरू होतो. तंबाखू, दारू आणि सुपारी हे त्याचे जुने सोबती. त्यात आता उकळता चहाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांच्या वर तापलेली पेये कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असे जाहीर केले. चहा सोडायला कोणी सांगत नाही, चार मिनिटे थांबायला काय हरकत आहे? घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडत असेल तर बिघाड बहुतेक नळीच्या स्नायूंत असतो, आणि त्यावर इलाज आहे. आणि गोळ्या! लोहाच्या, हाडांच्या, काही अँटिबायोटिक गोळ्या कोरड्याच गिळून आडवे झाले की त्या नळीला चिकटून तिथे जखम करतात. पूर्ण पेलाभर पाणी प्यावे आणि अर्धा तास बसून राहावे. सेहरी उरकून गोळी घेऊन लगेच डोळा लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घास उतरायला लाळही लागते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात तयार होते, मुख्यतः कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींतून. मधुमेहात, सर्दी-ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही औषधांनी ती आटते, मग कोरडा घास घशाला चिकटतो. याच ग्रंथींपायी शाळेतही आमची एक चूक झाली. सातवीतल्या एका मुलाच्या जबड्याखाली सूज दिसली, तर आम्ही गालगुंड समजून त्याला लगेच घरी पाठवले. साथीची भीती खोटी नव्हती. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते. पण त्याची सूज डबा खाताना यायची आणि तासाभराने उतरायची. ती लाळेच्या नळीतल्या खड्याची होती. पोराला ताप नाही, काही नाही, आणि वर्गातली मुले आठवडाभर त्याच्या बाकावर बसेनात.

परत फुप्पींकडे. आमच्या घरी कुर्बानीची कलेजी नेहमी सकाळी पुरुषांच्या नाश्त्याला जायची. घरात लोह सर्वांत जास्त जिला हवे होते, तिच्या वाट्याला तव्याला लागलेला मसाला यायचा. हे कोणी ठरवून केले नव्हते, अम्मींच्याही आधीपासून तसेच चालले होते. यंदाच्या ईदला कलेजी आधी फुप्पींच्या ताटात गेली. फुप्पींनी ती नातवाच्या ताटात ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा आमच्या धाकट्या लेकीने ताटच ओढून घेतले आणि म्हणाली, "दादी, आधी तुम्ही." जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, म्हणून चहाची वेळही दीड तासाने पुढे सरकली. यावर घरात अजून कुरबुर चालते, सर्वांत जास्त फुप्पींचीच.

हिमोग्लोबिन आता ११.२ आहे. फुप्पी आमच्याबरोबर दस्तरखानावर बसतात, भाकरी कोरडीच खातात, मात्र सवयीने पाण्याचा तांब्या जवळ ठेवतात. पुढची दुर्बीण रमजाननंतर आहे. "मला काही होत नाही आता, कशाला पैसे घालवता?" असे त्या रोज म्हणतात. तारीख आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.