जागा राखीव, पण जिना तसाच

हिंगोली जिल्ह्यातली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. सेनगावच्या एखाद्या दिव्यांग मुलीने बी.ए.ला प्रवेश घ्यायचे ठरवले, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तिच्या बाजूने आहे. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, वयातही 5 वर्षांची सवलत आहे. हे आरक्षण पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये बजावले.

पण प्रवेश मिळाला आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरला, तर त्या जागेचा उपयोग काय? लिफ्टच्या निधीची वाट कशाला पाहायची? तिचा वर्ग तळमजल्यावर आणायला फक्त वेळापत्रक बदलावे लागते. परीक्षेत तासामागे किमान 20 मिनिटे जादा देण्याची केंद्राची सूचना आहे. ती पर्यवेक्षकाला आधीच माहीत हवी; मुलीला हुज्जत घालायला लागू नये.

आपल्या समाजालाही मला एक सांगायचे आहे. दिव्यांग दिसला की आपला हात खिशाकडे जातो. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी खैरात मागायला नव्हे, शिकायला आले होते. सूरह अबस त्याच प्रसंगावर उतरली. पुढे ते मदिनेत अजान देत.

जुम्याला मशिदीत चंदा गोळा होतो. तशीच परीक्षेत लेखनिक म्हणून बसायला तयार असलेल्या मुलामुलींची यादीही मोहल्ल्यामोहल्ल्यात व्हावी.