एक गाव, अनेक लेखने

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी निपाणीजवळच्या आमच्या शाळेत वयाचा दाखला मागावयास आल्या. पाळण्यातले नाव इतके सर्रास, की जुन्या वहीत त्या नावाच्या मुली पुष्कळ. आडनावाची नोंद नाही. जन्मगाव बेळगाव, एवढी एकच खूण. वही संगणकावर उतरविलेली असल्यामुळे आमच्या तरुण सहकारी बाईंनी क्षणात शोध घेतला आणि त्या म्हणाल्या, "सर, अशी नोंदच नाही." आजी निमूटपणे उठू लागल्या.

त्यांना थांबवून मी मूळ वही काढविली. नोंद होती; पण 'बेळगांव' अशी. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, आणि वही त्याआधीची!

वाचकहो, शब्द कसा शोधावा हे संगणकास सांगण्याची एक सांकेतिक भाषा आहे. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आपण 'साचा' म्हणू. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञांनी १९५० च्या दशकात तिची बैठक घातली आणि केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ती मजकूर शोधण्याच्या कामी लावून दाखविली. चौकटी कंसातील कोणतेही एक अक्षर चालते. प्रश्नचिन्हाच्या आधीचे चिन्ह असले तरी चालते, नसले तरी चालते. बाईंनी नवा साचा केला: बे[ळल]गां?[वम]. माझी शंका अशी, की प्रश्नचिन्हाने सबंध 'गां' ऐच्छिक झाला तर? परंतु आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ती युनिकोडच्या हिशेबी ग, काना आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे आहेत. प्रश्नचिन्ह केवळ अनुस्वारापुरते!

तरीही पाहिल्यावाचून विश्वास ठेवणे बरे नव्हे. एका वहीत आम्ही दोन रकाने आखले. डावीकडे सापडलेच पाहिजेत असे शब्द: बेळगाव, बेळगांव, बेळगावी आणि बेलगाम. हे शेवटचे रूप मराठा लाइट इन्फंट्रीत बदलून आलेल्या कुटुंबांच्या हिंदी कागदांवरून वहीत उतरलेले. उजवीकडे सापडता कामा नयेत असे शब्द. हा रकाना रिकामाच राहील असे मला वाटले होते, पण पहिल्याच शोधात आडनावांतले 'बेळगावकर' पुढे आले आणि त्यांच्यामागोमाग कोणा गुरुजींचा जुना शेरा, "वर्तन बेलगाम"!

मग शोध केवळ जन्मगावाच्या रकान्यापुरता ठेवला आणि साच्याच्या आरंभी व शेवटी सीमाचिन्हे घातली, म्हणजे शब्द तेथेच सुरू व्हावा व तेथेच संपावा. बाई खूश झाल्या. मी मात्र डावा रकाना पुन्हा पहिल्यापासून तपासावयास सांगितले. अंतिम सीमेमुळे 'बेळगावी' बाहेर पडले होते! १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव बदलल्यानंतर दाखल झालेली कितीतरी मुले एका दुरुस्तीसरशी नाहीशी झाली असती, आणि आदल्या दिवशी तीच बिनतक्रार सापडत होती. शेवटी ऐच्छिक दीर्घ वेलांटी जोडली. तिच्यामुळे 'बेलगामी'ही चालेल. पण तसे गाव वहीत नाही, तेव्हा तेवढे चालवून घेतले.

आजींना दाखला मिळाला. आता निपाणीची पाळी आहे. कन्नड वळणाने लिहिलेल्या कागदांत ती 'निप्पाणी' होते. उजव्या रकान्यात बाईंनी पहिला शब्द लिहून ठेवला आहे: निपाणीकर.