लस घेऊनही कोरोना झाला, मग लस कशाला?

"लस घेतली तरी कोरोना झालाच ना? मग उपयोग काय?" हा प्रश्न वस्तीत, नाक्यावर अजूनही ऐकू येतो. माणूस लिव्हरचा पेशंट असेल तर "त्याने लस घ्यायलाच नको होती" असा फुकटचा सल्लाही मिळतो. मित्रहो, ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून तपासू.

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते आणि शरीराची प्रतिकारशक्ती दुबळी होते. २९ देशांतील रुग्णांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदी पाहा. कोरोना झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णांपैकी ३२ टक्के दगावले. आजार शेवटच्या टप्प्यात असलेल्यांपैकी तर निम्मे गेले. ही लसीच्या आधीची स्थिती.

लसीनंतर काय झाले? अमेरिकेतील माजी सैनिकांमधील सिरॉसिसच्या रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्येच आला. दोन डोसनंतर संसर्ग सुमारे ७९ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे लस घेऊनही काहींना कोरोना झाला, आणि यकृत जितके जास्त बिघडलेले तितके संरक्षण कमी. पण पहिल्या डोसला २८ दिवस उलटल्यावर कोरोनामुळे रुग्णालयात भरती किंवा मृत्यू लस घेतलेल्यांत आढळला नाही. त्या लसी फायझर-मॉडर्नाच्या होत्या, आपल्याकडे कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण आपल्या दोन्ही लसींत शरीरात वाढणारा विषाणू नाही, त्यामुळे दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाने त्यांना घाबरण्याचे कारण नव्हते.

म्हणजे लसीनंतरचा संसर्ग हा लस फोल असल्याचा पुरावा नाही. या शरीराला जास्त संरक्षण हवे, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरा प्रश्न. ते जास्तीचे संरक्षण कोणाला मिळाले?

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली, तेव्हा सरकारच्या २० आजारांच्या यादीत बळावलेला सिरॉसिस आणि यकृत प्रत्यारोपण दोन्ही होते. म्हणजे सरकारला धोका ठाऊक होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना जादा डोस द्या असे सांगितले. पण १० जानेवारी २०२२ ला तिसरा डोस सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढच्या आजारी लोकांसाठी. यकृत बदललेला ४० वर्षांचा माणूस त्यात बसला नाही. १० एप्रिलला दार उघडले, पण खासगी केंद्रात: लसीचे २२५ आणि वर सेवाशुल्क १५० रुपयांपर्यंत. मोफत डोस आला १५ जुलैला, तोही ७५ दिवसांपुरता.

रोजंदारीवरच्या माणसाला ३७५ रुपये म्हणजे एका दिवसाची चूल. औषधे, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांतच जो खंगला, त्याने ते कुठून आणायचे?

संविधानाच्या कलम १४ मधील समता म्हणजे सगळ्यांना एकच माप लावणे नव्हे. विषम स्थितीतल्या माणसांना एकाच मापाने मोजले की विषमताच पक्की होते. इथे तर मापही चुकीचे होते: आजार मोजायचा सोडून वय मोजले गेले.

"लिव्हर गेले म्हणजे दारुडा" हा शिक्काही पुसला पाहिजे. हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरनेही सिरॉसिस होतो. आणि दारूने झाला असला, तरी उपचाराचा हक्क संपत नाही.

तेव्हा "लस कशाला?" हे विचारणे सोडा. पुढच्या साथीत जादा डोस आजारानुसार, मोफत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळेल का, हे सरकारला विचारा. आणि तेही आत्ताच.