उष्णता, पाणी आणि आग : करोल बागेच्या भिंतींपुढील तिहेरी कसोटी

नवी दिल्ली : २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याला महिनाही उलटला नाही तोच, २८ जूनच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत त्याच वेधशाळेने २२८.१ मिलिमीटर पाऊस मोजला. एकाच इमारतीने आधी भाजायचे आणि लगेच भिजायचे, हा आता राजधानीतील अपवाद राहिलेला नाही. त्यामुळे उष्णता आणि पाणी या दोहोंना तोंड देऊ शकणारे नॅनोसंमिश्र लेप हा विषय प्रयोगशाळेतून थेट करोल बागेसारख्या दाट वस्तीच्या गच्चीवर येऊन ठेपला आहे.

फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहतीमुळे वाढलेला हा भाग आज सराफी पेठ, हॉटेले आणि भाड्याच्या खोल्यांनी गजबजलेला आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून येणारे शेकडो विद्यार्थी करोल बाग आणि लगतच्या जुन्या राजेंद्र नगरात राहतात. सोन्या-चांदीच्या व्यवसायातील मराठी कारागीरही येथे आहेत. त्यामुळे येथील भिंतींचे आरोग्य हा महाराष्ट्रातील अनेक घरांच्याही काळजीचा विषय आहे.

भिंत खराब होण्याची प्रक्रिया सरळ आहे. उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकुंचतो. त्यावरचा रंग कडक होऊन त्याला केसासारख्या भेगा पडतात. पावसाचे पाणी त्यांतून आतल्या सळईपर्यंत पोहोचते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटचे पोपडे आतून फुटू लागतात. प्रचलित लेपांपैकी प्रत्येकाची एक बाजू लंगडी आहे. ॲक्रिलिक स्वस्त व शुभ्र असते, पण साचलेल्या पाण्यात फुगते. इपॉक्सी घट्ट चिकटते, मात्र उन्हात पिवळे पडून भुकटीसारखे सुटू लागते. पॉलियुरेथेन लवचिक असले तरी ते ज्वलनशील सेंद्रिय द्रव्यच आहे.

संकरित लेपांची कल्पना येथून सुरू होते. पॉलिमरच्या कार्बनी साखळीला सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांची जोड दिली जाते. हे बंध कार्बन-कार्बन बंधांहून बळकट असल्याने उष्णता अधिक सोसतात. त्यात सिलिका किंवा चिकणमातीचे नॅनोकण मिसळले जातात. मातीचे सपाट पापुद्रे लेपात एकावर एक पसरले की पाण्याच्या रेणूला सरळ वाट मिळत नाही. त्याला वळसे घेत जावे लागते. जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात नायलॉनमध्ये पाच टक्क्यांहून कमी माती मिसळून भाराखाली त्याचे रूप बिघडण्याचे तापमान ६५ अंशांवरून सुमारे १५० अंशांवर नेले होते. या शाखेची खरी सुरुवात तीच मानली जाते.

तरीही कण वाढवले की गुण वाढतात, असे नाही. नॅनोकणांची प्रवृत्ती एकत्र येऊन गुठळ्या करण्याची असते. गुठळी झाली की तीच भेगेचे आणि गळतीचे केंद्र बनते. म्हणून कणांच्या पृष्ठभागावर सिलेनची प्रक्रिया करून ते पॉलिमरशी जोडावे लागतात. प्रमाण ओलांडले तर लेप ठिसूळ होतो. शिवाय जुन्या, आतून ओल्या भिंतीवर वाफही अडवणारा लेप दिला, तर ओल आतच कोंडते आणि फोड येतात. पाणी अडवावे, पण वाफेला वाट द्यावी, हा तोल साधणे ही रचनाकाराची खरी परीक्षा आहे. महाराष्ट्राकडे यासाठी लागणारे ज्ञान आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि १९३३ मध्ये सुरू झालेली मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था यांची पॉलिमर व पृष्ठलेप क्षेत्रातील परंपरा मोठी आहे.

मात्र करोल बागेत तिसरी कसोटी विसरता येत नाही. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे येथील अर्पित पॅलेस हॉटेलला लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. मार्गिकांतील लाकडी आवरणामुळे आग पसरल्याचे त्या वेळी अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले होते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या २०१७च्या आगीत ७२ बळी गेले. तेथे बाहेरच्या आवरणातील पॉलिथिलीन आगीचे इंधन ठरले. भिंतीवर काय चढवले जाते, हा प्रश्न केवळ शोभेचा किंवा गळतीचा नसतो, हे दोन्ही घटना सांगतात. नॅनोकणांमुळे पॉलिमर जळण्याचा वेग मंदावू शकतो. तो अज्वलनशील होत नाही.

पोलादी खांबांसाठी वापरले जाणारे फुगणारे लेप उष्णता लागताच फेसाळून कोळशाचा जाड थर तयार करतात. सुमारे ५५० अंशांना पोलादाची निम्मी ताकद जाते. तो क्षण हा थर लांबवतो. परंतु त्यातील अमोनियम पॉलिफॉस्फेट ओलाव्यात विरघळून झिरपू शकते. म्हणजे पाण्याने दुबळा झालेला लेप आगीच्या वेळी दगा देईल. जलरोध आणि अग्निरोध हे दोन विषय येथे एक होतात.

धोरणाची त्रुटीही इथेच दिसते. उष्णता, पाणी आणि आग यांच्या चाचण्या नव्या, कोरड्या नमुन्यावर वेगवेगळ्या घेतल्या, तर पाच उन्हाळे आणि पाच पावसाळे सोसलेल्या लेपाबद्दल त्या फारसे सांगत नाहीत. ऊन, ओल आणि उष्णतेची आवर्तने दिल्यानंतर त्याच नमुन्याची अग्निचाचणी घेणे अधिक उचित ठरेल. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले, अहमदाबादनेही त्या दिशेने पावले टाकली. अशा योजना वाढत असताना खरेदीच्या अटींत केवळ शुभ्रता आणि दर न पाहता टिकाऊपणाची ही संयुक्त कसोटी असायला हवी.

लेपाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्र नगरातील तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. त्यांना कोणताही जलरोधक थर वाचवू शकला नसता. मोकळा जिना, वाहते गटार आणि नियमाप्रमाणे वापरलेले तळघर यांना रसायनशास्त्रात पर्याय नाही. उत्तम लेप इमारतीचे आयुष्य वाढवतो. आतल्या माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी मात्र मालकाची आणि प्रशासनाचीच राहते.