भाजीची तपासणी शेतकऱ्याच्या विरोधात नाही

बाजारात येणाऱ्या भाजीतले कीटकनाशकांचे अंश नियमित तपासावेत, असे म्हटले की दोन बाजूंनी विरोध सुरू होतो. शेतकऱ्याची कड घेणारे म्हणतात, आधीच मालाला भाव नाही, त्यात हे नवे झेंगट कशाला. शहरातले पुष्कळ लोक म्हणतात, सगळेच विषारी झाले आहे, तपासून काय होणार. दोन्ही मतांच्या मुळाशी समजूत एकच आहे की तपासणी म्हणजे गुन्हेगार पकडणे. ही समजूत चुकीची आहे आणि ती खोडून काढणारा पुरावा नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आहे.

2003 मध्ये महाराष्ट्राच्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडल्याची हाकाटी युरोपात झाली आणि निर्यात धोक्यात आली. त्यातूनच 2006 मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची ग्रेपनेट ही व्यवस्था उभी राहिली. बागेची नोंदणी करायची, काढणीआधी प्रयोगशाळेने बागेतूनच नमुना घ्यायचा, अहवाल अनुकूल असेल तरच माल परदेशी पाठवायचा आणि पेटीवरच्या नोंदीवरून थेट बागेपर्यंत माग काढता यायला हवा, अशी तिची रीत. पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा या कामावर देखरेख ठेवते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडून मोठे नुकसान झाले, तेव्हाही बागायतदारांनी तपासणी बंद करा असे म्हटले नाही. ते रसायन तपासणीच्या यादीत आले आणि बागायतदारांनी त्याचा वापर आवरला. चूक नेमकी कुठे होते हे कळले म्हणून ती दुरुस्त झाली. त्याच जिल्ह्यांतला टोमॅटो किंवा कारली पुण्याच्या गुलटेकडी किंवा नवी मुंबईच्या वाशी बाजारात जाते, तेव्हा मात्र यातले काहीही विचारले जात नाही. परदेशी गिऱ्हाइकासाठी जे जमले, ते आपल्या घरातल्या पोरांसाठी जमणार नाही असे म्हणायला काय आधार आहे?

पहिला आक्षेप आकडेवारीचा आहे. केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत 2014-15 मध्ये 20,618 नमुने तपासले गेले आणि मर्यादा ओलांडलेले नमुने फक्त 2.6 टक्के निघाले. मग एवढा गाजावाजा कशाला, असे विचारतात. पण ही सरासरी भात, डाळी, दूध आणि भाज्या अशा सगळ्यांची मिळून आहे. क्वचित फवारणी होणारे पीक आणि दर आठवड्याला फवारली जाणारी भेंडी यांची सरासरी काढली, तर भेंडीविषयी काहीच कळत नाही. त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. 12.5 टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली कीटकनाशके आढळली. ज्या रसायनाला स्वतंत्र मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला आपल्याकडे सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलीग्रॅमची मर्यादा लागू होते, म्हणजे दहा टनांच्या दहा ट्रकांत मिळून एक ग्रॅम. ही मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा लगेच आजारी पडेल असे नव्हे, आणि ‘विष खातोय’ असा आरडाओरडा करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवे. मर्यादा ओलांडली जाणे ही मुख्यतः फवारणीत काहीतरी बिघडल्याची खूण आहे. मात्र एकाच मिरचीत चार-पाच रसायने, प्रत्येक आपापल्या मर्यादेच्या आत, सापडू शकतात. त्यांचा मिळून काय परिणाम होतो हे एकेका रसायनाच्या मर्यादेवरून ठरत नाही.

आता शेतकऱ्याचा प्रश्न, आणि खरा कस इथेच लागतो. मान्यता नसलेले औषध शेतकरी का मारतो? कित्येक भाज्यांसाठी लेबल क्लेम असलेली, म्हणजे त्या पिकावर वापरायला मान्यता मिळालेली, औषधेच मोजकी आहेत. नोंदणी करताना कंपन्यांचे लक्ष कापूस आणि भात अशा मोठ्या पिकांवर असते. दोडक्यासाठी किंवा शेपूसाठी चाचण्यांचा खर्च कोण करणार? मग कृषी सेवा केंद्रातला दुकानदार देईल ती बाटली शेतात जाते. वांग्यावर शेंडे आणि फळे पोखरणारी अळी पडली की फवारावेच लागते. पण वांगी-भेंडीची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते आणि लेबलावरचा प्रतीक्षा कालावधी (फवारणी आणि तोडणी यांतले किमान अंतर) त्याहून जास्त असू शकतो. पाळायचा कसा? हा गुंता बांधावरून सुटणारा नाही, तो कीटकनाशकांच्या नोंदणी मंडळाच्या टेबलावर सुटेल. त्या टेबलावर पुरावा ठेवायचा, तर तपासणीचे आकडे लागतील. शिवाय या औषधांची पहिली झळ खाणाऱ्याला लागत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीवर डोळस नजर ठेवण्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच होती. खटल्यांची भीती दाखवणाऱ्यांनी 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदाही वाचावा. त्याच्या कलम 18 ने शेतकरी आणि शेतावरचा माल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

खर्च आणि वेळ यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. कायद्यानुसार अन्न विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवसांची मुदत आहे. तोवर मेथी खाऊन पचलेली असते. शेकडो रसायने एकदम शोधणारी यंत्रे महाग आहेत आणि ती चालवणारी माणसे थोडी. पण तैवानने 1985 मध्येच एक जलद चाचणी तयार केली. कीटकनाशक एका विकराचे काम कितपत रोखते यावरून ती थोड्या वेळात अंदाज देते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांपलीकडचे तिला फारसे कळत नाही, हा तिचा दोष आहे. म्हणून बाजार समितीत अशी चाचणी रोज व्हावी आणि ठरावीक नमुने मोठ्या प्रयोगशाळेत जावेत. त्या अहवालाचा उपयोग आजची गाडी अडवण्यासाठी नसून पुढच्या हंगामाची फवारणी सुधारण्यासाठी आहे, त्यामुळे चार दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. भाजी मिठाच्या पाण्यात धुतली की झाले, हा सल्लाही अपुरा आहे. धुण्याने वरचे अंश कमी होतात, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फळात उतरलेले असते.

निकाल जाहीर केले तर भाव पडतील, ही शेवटची भीती. केरळ कृषी विद्यापीठाची वेल्लायणी येथील प्रयोगशाळा 2013 पासून बाजारातल्या भाज्या तपासून निष्कर्ष प्रसिद्ध करते, आणि कोणत्या भाज्या निर्धोक निघाल्या तेही त्यात सांगते. अफवेने सगळ्याच भाजीचा भाव पडतो. आकडे समोर असले तर कोबी-भेंडीत फरक करता येतो. महाराष्ट्राने सुरुवात वाशी आणि गुलटेकडीपासून करावी. भेंडी, वांगी, हिरवी मिरची, फ्लॉवर आणि कोथिंबीर एवढ्या पाच भाज्या पुरेत, दर महिन्याला तालुकावार निकाल लागावेत, आणि खर्च बाजार समितीच्या सेसमधून व्हावा. आपल्या प्लॉटचा नमुना काढणीआधी तपासून घ्यायची इच्छा असलेल्या शेतकऱ्याला ती सोय फुकट मिळावी आणि अहवाल त्याच्याच हातात पडावा.